बहात्तर गावे आणि जगाचा नकाशा : अप्पासाहेब पंत यांच्या परदेशातील कार्यजीवनाविषयी

मराठीत परदेशाविषयी जे गद्य लिहिले गेले, त्याचा फार मोठा भाग प्रवाशाने लिहिलेला आहे. प्रवासी ठरावीक दिवसांसाठी जातो, पाहतो, तुलना करतो, परततो आणि लिहितो. तिथे जे घडते आहे त्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. म्हणूनच त्याच्या लेखनात एक मोकळेपणा असतो आणि वाचकाला तो हवाहवासाही वाटतो. परदेशात कामानिमित्त वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाची गोष्ट निराळी. त्याला तिथे बाजू घ्यावी लागते किंवा बाजू न घेण्याची किंमत मोजावी लागते. बदलीचा हुकूम आला की ज्या माणसांत जीव गुंतला त्यांना सोडून निघावे लागते. अशा माणसाच्या आठवणी प्रवासवर्णनात मोडतात की आत्मचरित्रात, हा प्रश्न वर्गात शिकवताना आपल्याला अडचणीचा वाटतो. बहुधा म्हणूनच अशा लेखनाकडे आपण फारसे वळत नाही.

प्रस्तुत लेखात अशाच एका माणसाचा विचार करायचा आहे. अप्पासाहेब पंत (१९१२-१९९२) हे औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव. १९४८ पासून १९७५ पर्यंत ते भारताच्या परराष्ट्र सेवेत होते. नैरोबी, गंगटोक, जकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन आणि रोम ही त्यांच्या नोकरीची ठिकाणे. 'अ मोमेंट इन टाइम' (१९७४), 'मंडला' (१९७८), 'अनडिप्लोमॅटिक इन्सिडेन्ट्स' (१९८७) आणि 'ॲन अनयूज्वल राजा' (१९८९) ही त्यांची पुस्तके. सातारा-सांगलीकडच्या एका लहानशा संस्थानातून निघालेल्या या माणसाने विसाव्या शतकातील अनेक मोठ्या घडामोडी अगदी जवळून पाहिल्या. त्या पाहण्यामागची दृष्टी औंधात घडली होती आणि औंधाच्या अनुभवानेच ती पुढे अडचणीतही आली, असे मला वाटते. ते कसे, हे थोडे विस्ताराने पाहू.

१

औंध संस्थान नकाशावर शोधू गेले तर सलग सापडत नाही. माधवनगरहून पुण्याच्या दिशेने गाडीने निघाले की नांद्रे, भिलवडी अशी स्थानके मागे टाकत किर्लोस्करवाडी येते. हे स्थानक पूर्वी कुंडल रोड म्हणून ओळखले जाई आणि तो मुलूख औंधकरांचा होता. आटपाडीचा दुष्काळी भाग औंधचा, खुद्द औंध खटावच्या बाजूला आणि गुणदाळ तर आज कर्नाटकात. मधल्या पट्ट्यात इंग्रजांचा मुलूख आणि पटवर्धनांची निरनिराळी संस्थाने. खुद्द माधवनगर हे बुधगावकर पटवर्धनांच्या मुलखातले. अशा विखुरलेल्या सुमारे ५०० चौरस मैलांत औंधची बहात्तर गावे होती.

या तुटपुंज्या राज्याचे राजे भवानराव (१८६८-१९५१) चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्कारांचे अथक प्रचारक होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडलच्या माळावर कारखान्यासाठी जागा त्यांनीच दिली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी आर्थिक पाठबळ दिले. पंडित सातवळेकरांचा स्वाध्याय मंडळ त्यांच्याच आश्रयाने औंधात वाढला. ग. दि. माडगूळकर आणि व्यंकटेश माडगूळकर हे बंधू याच संस्थानच्या आटपाडी भागातले. म्हणजे आधुनिक मराठी साहित्याचा एक धागा औंधात आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

ऑक्सफर्डचे शिक्षण आणि बॅरिस्टरची पदवी घेऊन अप्पासाहेब १९३७ च्या सुमारास परतले. त्याच सुमारास त्यांच्या आयुष्यात मॉरिस फ्रिडमन आले. पोलंडमध्ये जन्मलेले हे विद्युत अभियंते बंगळूरच्या सरकारी कारखान्यात काम करत होते आणि पुढे भारतानंद या नावाने संन्यस्त वृत्तीने राहिले. राजे, राजपुत्र आणि हा पोलिश अभियंता यांनी मिळून राजाची सत्ता प्रजेच्या हाती देण्याची योजना आखली आणि ती घेऊन ते गांधीजींकडे गेले. गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली घटनेचा मसुदा तयार झाला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांतून तालुक्याचे मंडळ बनायचे आणि तालुक्यांतून विधिमंडळ, अशी तिची रचना होती. न्यायदानही बहुतांशी गावातच व्हावे अशी तजवीज होती. ब्रिटिश सत्तेखालच्या हिंदुस्थानात एका राजाने आपणहून सत्ता खाली सोडावी, ही गोष्ट त्या काळी विलक्षणच होती.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली तीही याच वर्षांत. भिंती नसलेल्या त्या तुरुंगाच्या प्रयोगावरून माडगूळकरांनी कथा-पटकथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आटपाडीच्या माळावरचा प्रयोग असा बर्लिनपर्यंत पोहोचला, पण त्याच्या मागे औंध होते हे फारच थोड्यांच्या ध्यानात राहिले.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. बेचाळीसनंतर साताऱ्यात जे प्रतिसरकार उभे राहिले, त्याचे एक महत्त्वाचे केंद्र कुंडल हे होते. इंग्रजी हद्दीतून पळालेल्या भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळे. अप्पासाहेब त्या काळात संस्थानच्या कारभारात होते आणि १९४४ पासून मुख्य प्रधान होते. सत्याग्रही गांधीजींचे मार्गदर्शन आणि शेजारीच शस्त्र हाती घेतलेले शेतकऱ्यांचे तरुण, या दोहोंमध्ये त्यांना कारभार पाहावा लागला. पुढच्या नोकरीसाठी यापेक्षा कठीण शाळा मिळाली नसती.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. गावांचे राज्य नऊ वर्षे चालले. ते अपयशी ठरले म्हणून संपले नाही, तर मोठ्या राष्ट्रात लहान राज्यांना वेगळी जागा उरली नाही म्हणून संपले. हा भेद महत्त्वाचा आहे.

२

त्याच वर्षी नेहरूंनी अप्पासाहेबांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून पाठवले. केनिया, युगांडा, टांगानिका आणि झांझिबार हा त्यांचा कार्यप्रदेश. रेल्वेमार्ग बांधण्यासाठी १८९६ पासून नेलेले पंजाबी मजूर, गुजराती दुकानदार आणि गोव्याहून गेलेले कारकून असा तिथला भारतीय समाज होता. गोऱ्यांच्या खाली आणि काळ्यांच्या वर अशी त्याची जागा पक्की झालेली. नेहरूंचे धोरण स्पष्ट होते. आफ्रिका आफ्रिकनांची आहे, तेव्हा भारतीयांनी त्यांच्या हिताआड येणारे कोणतेही विशेष हक्क मागू नयेत.

हे धोरण दिल्लीत मांडणे सोपे आणि नैरोबीत राबवणे कठीण. ज्यांच्या हितासाठी आयुक्त नेमला जातो, त्यांनाच त्याने सांगायचे की तुम्ही आपली चढती जागा सोडा. मला वाटते, या ठिकाणी औंधचा अनुभव अप्पासाहेबांच्या कामी आला. आपल्या वडिलांनी सत्ता सोडताना त्यांनी पाहिले होते. त्यामुळे ही मागणी त्यांना अशक्य वाटली नसावी. जोमो केन्याटा आणि त्यांचे सहकारी यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या देण्याचे काम त्यांनी मनापासून केले. गांधीजींच्या स्मरणार्थ नैरोबीत उच्च शिक्षणाची संस्था काढण्यासाठी भारतीयांनी पैसा जमवला, त्यामागेही त्यांची प्रेरणा होती. ती योजना पुढे रॉयल टेक्निकल कॉलेजात मिळवली गेली आणि त्या संस्थेतूनच १९७० साली नैरोबी विद्यापीठ झाले.

२० ऑक्टोबर १९५२ रोजी केनियात आणीबाणी पुकारली गेली. माऊ माऊ चळवळ दडपण्यासाठी केन्याटांना अटक झाली आणि कापेनगुरिया या आडबाजूच्या गावी त्यांच्यावर खटला चालला. बचावासाठी डी. एन. प्रिट यांच्यासह भारतातून दिवाण चमनलाल गेले. ब्रिटिश वसाहत खात्याला भारताच्या आयुक्तांची ही जवळीक अजिबात रुचणारी नव्हती. त्यांना परत बोलवावे यासाठी दिल्लीवर दडपण आले आणि १९५४ मध्ये त्यांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

हा प्रसंग कुंडलच्या पार्श्वभूमीवर वाचून पाहावा. जमिनी गेलेले शेतकरी, रात्रीच्या शपथा, गावोगाव पसरलेले गुप्त जाळे आणि पोलिसी सूडाची झळ सोसणारी निरपराध घरे, यांतले बरेच काही प्रतिसरकारच्या मुलखातून आलेल्या माणसाला अपरिचित नव्हते. दोन चळवळींत मोठे फरक आहेत आणि ते पुसून टाकण्याचे कारण नाही. पण लंडनच्या वृत्तपत्रांनी ज्या चळवळीला निव्वळ रानटीपणा ठरवले, तिच्यामागे जमिनीचा प्रश्न आहे हे ओळखायला ऑक्सफर्डपेक्षा सातारा अधिक उपयोगी पडला असणार.

३

आफ्रिकेनंतर हिमालय. १९५५ ते १९६१ या काळात अप्पासाहेब गंगटोकला पोलिटिकल ऑफिसर होते. सिक्कीम, भूतान आणि तिबेटमधील भारतीय कचेऱ्या त्यांच्या देखरेखीखाली होत्या. या नेमणुकीतला विरोधाभास मराठी वाचकाला चटकन जाणवेल. दक्षिणेतल्या संस्थानिकांना 'पोलिटिकल'चा साहेब म्हणजे काय हे चांगले माहीत होते. गादीवर कोण बसणार, कर्ज किती काढायचे, कुठे प्रवास करायचा, सगळ्यांवर त्याची नजर. त्याच ब्रिटिश व्यवस्थेतून आलेल्या खुर्चीवर, गंगटोकच्या त्याच रेसिडेन्सीत, आता एका विलीन झालेल्या संस्थानचा राजपुत्र स्वतंत्र भारताचा अधिकारी म्हणून बसला. समोर सिक्कीमचे चोग्याल घराणे होते, म्हणजे आणखी एक लहान राज्य.

तिबेटचा प्रश्न याहून बिकट होता. २९ एप्रिल १९५४ च्या करारान्वये भारताने तिबेटमधील वारसाहक्काने आलेले विशेषाधिकार सोडून दिले. ग्यान्त्से आणि यातुंग येथील सैनिकी पहारे गेले, तारयंत्रणा आणि विश्रामगृहे चीनच्या स्वाधीन झाली. वासाहतिक हक्क टिकवून धरणे स्वतंत्र भारताला शोभणारे नव्हते, हा त्यामागचा एक विचार. तो तत्त्वतः योग्यही होता. अप्पासाहेबांच्या वाट्याला या कराराची अंमलबजावणी पाहणे आले. १९५६ साली बुद्धजयंतीच्या निमित्ताने दलाई लामा भारतात आले. १९५७ साली अप्पासाहेब स्वतः ल्हासापर्यंत गेले. १९५८ च्या सप्टेंबरात नेहरू चुंबी खोऱ्याच्या वाटेने घोड्यावरून भूतानला गेले, तेव्हा हेही त्यांच्या सोबत होते. गंगटोकच्या तिबेटविद्या संस्थेची कोनशिला १९५७ मध्ये दलाई लामांनी बसवली आणि १ ऑक्टोबर १९५८ रोजी नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. पाच-सहा महिन्यांतच, मार्च १९५९ मध्ये, ल्हासात उठाव झाला आणि दलाई लामांना देश सोडावा लागला.

इथे औंधच्या शिकवणीला मर्यादा पडते असे माझे मत आहे. औंधच्या राजाने सत्ता सोडली ती स्वतःची. त्यामुळे गावांच्या हाती काही आले. १९५४ साली भारतानेही हक्क सोडले, पण ते तिबेटी गावांच्या हाती आले नाहीत, तर बलाढ्य शेजाऱ्याच्या हाती गेले. त्याग दोन्हीकडे दिसतो, किंमत मात्र निराळ्याच माणसांनी दिली. सत्ता सोडणे ही नैतिक कृती ठरते की नाही, हे ती कोणाच्या पदरात पडते यावरून ठरवावे लागते. परराष्ट्र व्यवहारात काम करणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात मिळत नाही. त्याला हुकूम मिळतो आणि तो हुकूम पाळत असताना समोरच्या भिक्षूच्या, व्यापाऱ्याच्या, राजाच्या डोळ्यांत पाहावे लागते. तिबेटविषयीच्या त्यांच्या लेखनात जी हुरहूर जाणवते ती मला या अवघड जागेतून आलेली दिसते.

सिक्कीमची कथाही पुढे विलीनीकरणातच संपली. १६ मे १९७५ रोजी सिक्कीम भारताचे राज्य झाले. अप्पासाहेबांच्या परराष्ट्र सेवेची अखेर झाली तीही १९७५ सालीच. औंधचे विलीनीकरण आणि सिक्कीमचे विलीनीकरण, अशा दोन घटनांच्या मध्ये त्यांचे सारे कार्यजीवन बसते. हा योगायोग आहे हे खरे, परंतु लहान राज्यांचे मोठ्या राष्ट्रात काय होते, हा त्यांच्या आयुष्याचा अंतःप्रवाह म्हणून वाचला तर त्यात फार ओढाताण होत नाही.

४

इंडोनेशियातील काळ (१९६१-१९६४) मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यासाठी एका वेगळ्या कारणाने उद्बोधक आहे. १९६३ साली पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग' प्रसिद्ध झाले. आग्नेय आशियाचे जे हृद्य चित्र त्यात आहे ते मराठी वाचकाच्या मनावर कायमचे ठसले. त्याच सुमारास जकार्तात भारताचे राजदूत असलेल्या मराठी माणसाला तोच देश कसा दिसत होता? १९६२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जकार्तात चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना इंडोनेशियाने प्रवेश नाकारला. गुरुदत्त सोंधी यांनी त्यास हरकत घेतली आणि वातावरण भारताच्या विरोधात इतके तापले की जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, प्रेक्षकांच्या हुर्योत भारताच्या फुटबॉल संघाने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच महिन्यात चीनचे आक्रमण झाले. १९५५ च्या बांडुंग परिषदेत ज्या आफ्रो-आशियाई बंधुभावाच्या घोषणा झाल्या, त्या सात वर्षांत किती फिक्या पडल्या हे राजदूताला वकिलातीच्या फुटलेल्या काचांतून दिसले.

यात एक दृष्टी खरी आणि दुसरी खोटी असे म्हणण्याचा हेतू नाही. देवळे आणि नृत्ये होतीच, दगडही होते. पण प्रवासी आणि सेवक यांच्या दृष्टींतला फरक यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसेल. प्रवासी त्या देशाचे जे चिरंतन आहे ते टिपतो. तिथे काम करणाऱ्याला त्या आठवड्यात काय घडले याचा अहवाल द्यायचा असतो. कैरोत १९६७ च्या जूनमधील युद्ध आणि लंडनमध्ये १९७१ चे बांगलादेश युद्ध, हेही त्यांनी असेच अहवाल देणाऱ्याच्या जागेवरून पाहिले.

अहवाल आणि आठवण हे दोन वेगळे गद्यप्रकार आहेत. अहवालात मी नसतो, शंका नसते आणि असलीच तर ती मोजून मापून असते. सव्वीस-सत्तावीस वर्षे रोज असे गद्य लिहिणारा माणूस जेव्हा स्वतःच्या नावाने लिहू लागतो, तेव्हा अहवालात न मावलेले सारे त्याला सांगायचे असते. अप्पासाहेबांच्या पुस्तकांत राजकारणाच्या शेजारी ध्यानधारणा येते, लामा येतात, सूर्यनमस्कार येतात. काही वाचकांना ही सरमिसळ खटकते. मला ती त्यांच्या गद्याची खरी खूण वाटते, कारण फायलींतून जे वगळले गेले त्याची ती भरपाई आहे. 'अनडिप्लोमॅटिक इन्सिडेन्ट्स' हे शीर्षकच त्या दृष्टीने बोलके आहे.

५

आता भाषेचा प्रश्न. भवानरावांनी आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते कीर्तन करत, म्हणजे समोर बसलेल्या रयतेशी बोलत. मुलाने परदेशातील आठवणी इंग्रजीत लिहिल्या, कारण त्याचा वाचक जगभर विखुरलेला होता. यात दोष देण्यासारखे काही नाही. तरीही परिणाम असा झाला की ज्या बहात्तर गावांमुळे ही दृष्टी घडली, त्या गावांतील वाचकापर्यंत ती इंग्रजीच्या वळणानेच पोहोचली. आपल्या वाङ्मयेतिहासात औंधचा उल्लेख येतो तो आश्रयदाते संस्थान म्हणून. औंधातून निघालेले आणि जगाविषयी बोलणारे गद्य म्हणून तो येत नाही.

याच्या नेमका उलटा प्रवास फ्रिडमन यांनी केला, तो इथे आठवतो. औंधच्या प्रयोगात राबलेल्या या पोलिश माणसाने पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचे इंग्रजी भाषांतर केले. १९७३ साली प्रसिद्ध झालेले 'आय ॲम दॅट' हे ते पुस्तक. विड्यांचे दुकान चालवणाऱ्या एका मराठी साधकाचे बोलणे त्यामुळे जगभर गेले. मराठी मुलखातला राजपुत्र इंग्रजीकडे गेला आणि वॉर्साकडचा अभियंता मराठीकडे आला. दोघांची मैत्री मात्र औंधात जुळलेली होती.

पदव्युत्तर वर्गात प्रवासवर्णन शिकवताना एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. भवानरावांचे मराठी आत्मचरित्र आणि अप्पासाहेबांच्या इंग्रजी आठवणी शेजारी ठेवून वाचाव्यात. विद्यार्थ्यांनी त्यातील केनियाचे किंवा तिबेटचे एखादे प्रकरण स्वतः मराठीत आणावे. ते आणताना 'पोलिटिकल ऑफिसर'ला काय म्हणायचे, अहवालाच्या इंग्रजीतला अलिप्तपणा मराठीत कसा ठेवायचा, असे प्रश्न पडतील आणि गद्यप्रकारांचे भेद व्याख्यांपेक्षा या अडचणींतून लवकर कळतील. आमच्या भागातील अनेक विद्यार्थी कुंडल, पलूस, आटपाडी, विटा इथून येतात आणि त्यांतल्या कित्येकांची घरची माणसे आज कामासाठी परप्रांतांत आणि परदेशांत आहेत. परक्या मुलखात राबताना माणूस काय पाहतो आणि घरी लिहिताना त्यातले काय गाळतो, हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ परीक्षेपुरता नाही.

औंधची घटना नऊ वर्षे टिकली. तिच्यामुळे जग बदलले असा दावा कोणी करू नये. परंतु त्या नऊ वर्षांत घडलेला एक माणूस पुढे सत्तावीस वर्षे जगाच्या कचेऱ्यांतून वावरला आणि जिथे गेला तिथे लहानांच्या बाजूने काय दिसते ते पाहण्याचा प्रयत्न करत राहिला. कधी त्याला ते जमले, कधी त्याच्या देशाच्या धोरणाने ते जमू दिले नाही. या दोन्हींची नोंद त्याच्या पुस्तकांत आहे आणि ती आपल्या मुलखाच्या इतिहासाचाच भाग म्हणून वाचली जायला हवी.